दादा, गन कुठली घेऊ?

या महिन्याच्या पत्रांचा विषय मला निवडावाच लागला नाही. निम्म्याहून जास्त लोकांनी फिरवून फिरवून एकच विचारलंय, बेस्ट गन कुठली. कोणी पबजी नाहीतर बीजीएमआय खेळतंय, कोणी वॅलोरंट, कोणी काउंटर-स्ट्राइक, कोणी कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल, पण रडगाणं सगळ्यांचं सारखंच. म्हणून आज फक्त बंदुका. गेमवाले अधूनमधून पॅच, म्हणजे अपडेट, टाकून आकडे हलवत असतात हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे खालचे आकडे पाठ करत बसू नका, हिशोब कसा लावायचा तेवढं बघा.

दादा, मी पबजीत टियर लिस्टचे, म्हणजे कुठली गन वर कुठली खाली अशा क्रमवारीचे, व्हिडिओ बघून गन बदलतो. एका व्हिडिओत बेरिल एकदम वर असते, दुसऱ्यात तीच खाली. मी बेरिल घेतली की तिसऱ्या गोळीनंतर नेम आभाळात जातो, मग परत एम४१६ वर येतो, मग कोणीतरी सांगतं की एम४१६ नर्फ झाली, म्हणजे कमजोर केली, एकेएम घे. खरं कोणाचं मानू? रँक काही हलत नाहीये.
— लूटमध्येच अडकलेला

अरे, दोन्ही व्हिडिओवाले खरंच बोलतायत, फक्त ते त्यांच्या हाताबद्दल बोलतायत आणि तू तुझ्या हाताने खेळतोयस. टियर लिस्ट बनवताना एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे सगळ्या गोळ्या लागणार. कागदावर बेरिल भारी आहेच, प्रश्न तिचा नाहीच.

आपण तुझ्याच दोन गन घेऊन हिशोब करू. पॅचनुसार एखाद-दोन आकडा इकडेतिकडे होतो, पण एकेएमच्या एका गोळीचा डॅमेज ४८ च्या आसपास धर आणि एम४१६ चा ४० च्या आसपास. समोरच्याने लेव्हल २ चं व्हेस्ट, म्हणजे चिलखत, घातलंय, ते ४० टक्के डॅमेज खातं. म्हणजे छातीत एकेएमची गोळी लागली की साधारण २९ जातात आणि एम४१६ ची लागली की २४. १०० हेल्थ संपवायला एकेएमला ४ गोळ्या लागल्या, एम४१६ ला ५. इथपर्यंत सगळे व्हिडिओवाले येतात आणि जाहीर करून टाकतात की एकेएम भारी. पण एकेएम दर ०.१ सेकंदाला एक गोळी सोडते आणि एम४१६ साधारण दर ०.०८६ सेकंदाला. पहिली गोळी लगेच सुटते, म्हणून एकेएमचं काम ०.३ सेकंदात होतं आणि एम४१६ चं ०.३४४ सेकंदात. फरक किती? ४४ मिलिसेकंद. तुझं नेट जरा लटकलं तर पिंगच त्याच्या दुप्पट होतो.

आता यात एक गोळी हुकव. एकेएमचे ०.४ झाले, म्हणजे एकही गोळी न हुकवणाऱ्या एम४१६ वाल्याच्या मागे तू गेलास. एका चुकलेल्या गोळीने दोन गनमधला सगळा फरक खाल्ला वर उलटा केला, आणि तू तर सांगतोयस की तिसऱ्या गोळीनंतर नेम आभाळात.

त्यामुळे ट्रेनिंग ग्राउंडला जा, भिंतीपासून साधारण ५० मीटर लांब उभा राहा आणि प्रत्येक गनचं एक अख्खं मॅगझिन एका दमात भिंतीवर रिकामं कर, रिकॉइल (गोळ्या सुटताना गन वर उडते ते) जेवढं जमेल तेवढं खाली ओढत. मग भिंतीवरच्या खुणा बघ. माणसाच्या छातीएवढ्या जागेत ज्या गनच्या सगळ्यात जास्त गोळ्या बसल्या ती तुझी बेस्ट गन, मग ती लिस्टमध्ये तळाला का असेना.

आणि हे दोनदा कर, एकदा अटॅचमेंट लावून आणि एकदा उघड्या गनने. एम४१६ ला मझल, ग्रिप, मॅगझिन, स्टॉक, स्कोप असं सगळं लागतं, सगळं मिळालं तर ती लोण्यासारखी चालते पण नुसती उचललीस तर तिची ती मजा राहत नाही. एकेएमला ना ग्रिप लागते ना स्टॉक, त्यामुळे ती सुरुवातीला जशी हातात येते तशीच बऱ्यापैकी शेवटपर्यंत राहते. तू गर्दीत उतरणारा असशील तर पहिल्या दोन मिनिटांची गन आणि शेवटच्या सर्कलची, म्हणजे खेळायची जागा आक्रसून उरलेल्या वर्तुळातली, गन वेगवेगळी असू शकते, त्यात कमीपणा काही नाही.

मेटाबद्दल, म्हणजे त्या-त्या वेळी सगळे जे भारी मानतात त्याबद्दल, एक किस्सा सांगतो. काउंटर-स्ट्राइकच्या मागच्या गेममध्ये, सीएस:गोमध्ये, एसजी ५५३ नावाची स्कोपवाली रायफल कितीतरी वर्षं दुकानात पडून होती, कोणी ढुंकून बघत नव्हतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिची गेममधली किंमत ३००० वरून २७५० वर आणली. तरी बराच काळ लोक एके-४७ च घेत राहिले, आणि मग २०१९ मध्ये हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि प्रो मॅचमध्ये जिकडेतिकडे तीच दिसायला लागली, इतकी की शेवटी किंमत परत ३००० करावी लागली. मधल्या काळात टियर लिस्टवाले कुठे होते? बाकीच्यांबरोबर रांगेत. तेव्हा लिस्ट बघ जरूर, करमणूक चांगली होते.

वॅलोरंट. व्हँडल की फँटम? प्लीज "दोन्ही चांगल्या आहेत" असं उत्तर देऊ नका, ते ऐकून कान किटले.
— फक्त एक नाव सांगा

बरं, नाव देतो, पण आधी हे वाच.

वॅलोरंटच्या सुरुवातीच्या काळातले आकडे घेऊ, कारण त्यात दोन्ही गनचा स्वभाव स्वच्छ दिसतो. नंतर फँटमची अंतरं पॅचमध्ये हलली पण स्वभाव तोच राहिलाय. दोन्ही रायफल २९०० क्रेडिटला, क्रेडिट म्हणजे गेममधले पैसे. व्हँडलची गोळी डोक्यात १६०, अंगात ४०, अंतर कितीही असू दे. फँटमची जवळून डोक्यात १५६ आणि अंगात ३९, १५ मीटरच्या पुढे गेलं की डोक्यात १४० आणि अंगात ३५, आणि ३० च्या पुढे अजून कमी. समोरच्याकडे हेवी शील्ड, म्हणजे जाड चिलखत, असली की त्याच्या १०० हेल्थचे होतात १५०. म्हणजे व्हँडलचा हेडशॉट कुठूनही एका गोळीत विषय संपवतो आणि फँटमचा लांबून लागला तर समोरचा १० हेल्थवर जिवंत राहतो आणि तुला मारून जातो, आणि मग तू हेडसेट काढून आपटतोस. इथपर्यंत सगळ्यांना माहितीये आणि म्हणूनच सगळे व्हँडल घेतात.

पण फँटम सेकंदाला ११ गोळ्या मारते, व्हँडल ९.७५. अंगात मारायचं म्हटलं तर व्हँडलला ४ गोळ्या लागतात, त्याला जातात ०.३०८ सेकंद. फँटमला जवळून ४ च लागतात पण ०.२७३ सेकंदात, म्हणजे जवळच्या भांडणात फँटम पुढे. १५ मीटरच्या पलीकडे तिला ५ लागतात, मग ०.३६४ सेकंद, तिथे व्हँडल पुढे. शिवाय फँटमचं मॅगझिन ३० चं आणि व्हँडलचं २५ चं, फँटमचा स्प्रे (न थांबता मारलेल्या गोळ्या) आवरायला सोपा, आणि तिच्या गोळ्यांच्या रेघा समोरच्याला दिसत नाहीत, त्यामुळे स्मोकमधून, म्हणजे धुरातून, आंधळे मारत बसलास तरी तू कुठे आहेस हे त्याला पटकन कळत नाही.

आता तुझा प्रश्न. मॅच संपल्यावर स्कोअरबोर्डच्या आत जाऊन तुझा हेडशॉटचा टक्का बघ, आणि बघ की तू मरतोस कुठे, लांबच्या लेनमध्ये का साइटवरच्या (बॉम्ब लावायच्या जागेच्या) कोपऱ्यात. व्हँडल घेऊन पोटात गोळ्या मारणारे ढिगाने आहेत, ते एका हेडशॉटच्या आशेवर जगतात आणि तो हेडशॉट पाच राउंडमधून एकदा येतो. तुझा क्रॉसहेअर (नेमाचं चिन्ह) चालता चालता डोक्याच्या उंचीवर राहत असेल तर व्हँडल. छातीकडे घसरत असेल, आणि बहुतेकांचा घसरतोच, तर फँटम.

एक नाव हवं होतं ना? ज्याला हा प्रश्न विचारावा लागतो त्याला मी फँटम सांगतो. ज्याला व्हँडल सूट होते तो विचारत नाही.

अजून एक, आणि हे दोन्हीला लागू आहे, पळत पळत मारू नकोस. वॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक दोन्हीत पाय हलत असताना रायफलची गोळी भलतीकडे जाते, थांब आणि मग मार. "गनच खराब आहे" म्हणणाऱ्या पत्रांमध्ये या एका गोष्टीचा वाटा फार मोठा असतो, आणि त्यावर कुठली गन बदलून उपाय नाही.

मला कळत नाही की वॅलोरंटमध्ये पहिला, पिस्तूल राउंड हरल्यावर दुसऱ्या राउंडला सगळे स्पेक्टर, ती स्वस्तातली छोटी मशीनगन, का घेतात आणि मग तिसऱ्याला रडतात का. मी सेव्ह, म्हणजे पैसे राखा, म्हटलं की शिव्या खातो.
— टीमचा खजिनदार

खजिनदार, तुझ्याशी मी शंभर टक्के सहमत आहे आणि तुझ्या टीमला हे वाचून दाखव. पिस्तूल राउंड हरलात की हातात येतात १९०० क्रेडिट, कोणी किल काढला असेल तर किलमागे २०० वर. स्पेक्टर १६००, लाइट शील्ड ४००, झाले २०००, म्हणजे एक किल असेल तरच जमतं, आणि खिसा रिकामा. समोरचे जिंकून आलेत, त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा चांगला माल आहे, बऱ्याचदा हा राउंडही जातो. आता मिळाले २४००. तिसऱ्या राउंडला रायफल २९०० आणि हेवी शील्ड १०००, एकूण ३९०० हवेत, आहेत २४००. म्हणजे परत अर्धवट खरेदी आणि बहुतेक परत हार.

तेच दुसऱ्या राउंडला काही न घेता गेलात तर १९०० अधिक २४००, झाले ४३००. पाचही जणांकडे रायफल, शील्ड आणि वर अ‍ॅबिलिटीला सुट्टे. एक राउंड सोडला पण तिसरा बरोबरीचा झाला. "बेस्ट गन" या प्रश्नात लोक हेच विसरतात की या गेममध्ये गन राउंडपुरती नसते, पुढच्या दोन राउंडचे पैसे पण तीच ठरवते.

हां, पण सगळे मिळून फोर्स, म्हणजे पैसे कमी असूनही खरेदी, करत असतील तर तू पण कर. चौघांकडे स्पेक्टर आणि एकाकडे फुकटचं क्लासिक पिस्तूल यापेक्षा वाईट काही नाही. चुकीचा निर्णय पाच जणांनी मिळून घेतला तर कधी कधी राउंड निघतो, बरोबर निर्णय एकट्याने घेतला तर कधीच नाही.

आणि पिस्तूल राउंडचं पण विचारलंय दोघा-तिघांनी, तर सुरुवातीच्या ८०० क्रेडिटमध्ये घोस्ट (पिस्तूल) ५०० ची, तिचा हेडशॉट १०५ चा, शील्ड नसलेला एका गोळीत जातो पण लाइट शील्डवाला वाचतो. शेरीफ पूर्ण ८०० ची, हेडशॉट १५९, शील्ड असू दे नसू दे तो गेलाच, पण सहाच गोळ्या आणि अ‍ॅबिलिटीला एक पैसा उरत नाही. शेरीफ घेऊन सहा गोळ्यांत सहा भिंती मारणाऱ्याने गुपचूप घोस्ट घ्यावी. काउंटर-स्ट्राइकवाल्यांनी हेही लक्षात ठेवा की तिथे किलचे पैसे गननुसार मिळतात, रायफलने मारलं तर ३००, बहुतेक एसएमजींनी (छोट्या मशीनगन) ६००, एडब्ल्यूपी स्नायपरने फक्त १००. पिस्तूल राउंड जिंकल्यावर समोरच्यांकडे धड चिलखत नसतं, तेव्हा जाणते लोक एमपी९ किंवा मॅक-१० घेऊन दोघा-तिघांना उडवतात आणि पुढच्या राउंडची रायफल त्यातच काढतात, उगाच नाही.

माझा मुलगा नववीत आहे. त्याला गेममधल्या बंदुकीची कुठलीतरी "ग्लेशियर" हवी आहे आणि त्यासाठी तो माझ्याकडे खऱ्या पैशांचा हट्ट धरून बसलाय. म्हणतो त्याशिवाय जिंकता येत नाही, सगळ्या मित्रांकडे आहे. मला यातलं काहीच कळत नाही. खरंच तसं असतं का हो?
— एक आई

ताई, तसं नसतं. ग्लेशियर म्हणजे एम४१६ बंदुकीचा बर्फासारखा दिसणारा रंग, त्याला स्किन म्हणतात. ती लेव्हल वाढवत नेली की कोणाला मारल्यावर वेगळा मेसेज येतो, मेलेल्याची पेटी वेगळी दिसते, असा सगळा थाटमाट. पण गोळीचा डॅमेज तोच, बंदूक हलते पण तेवढीच. फुकटची एम४१६ आणि ग्लेशियर यांनी शेजारी शेजारी उभं राहून मारलं तर समोरचा तेवढ्याच गोळ्यांत पडतो.

आणि ही गोष्ट जास्त महत्त्वाची, या स्किन बऱ्याचदा सरळ विकत मिळत नाहीत, क्रेट उघडावी लागते आणि आत काय निघेल ते नशिबावर. म्हणजे पैसे दिले की वस्तू मिळाली असा व्यवहार नाही तो. त्यामुळे "एकदाच देते" म्हणून दिलेत तर एकदाच होईलच असं नाही.

प्रामाणिकपणे एक अपवाद पण सांगतो, नाहीतर मुलगा तुम्हाला गाठेल. कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलमध्ये काही महागड्या स्किनवर बंदुकीची नेम धरायची पट्टी जास्त मोकळी असते, समोरचं नीट दिसतं, म्हणजे थोडासा फायदा तिथे आहे. पण तिथेही रेड डॉट साइट लावली की तो फायदा गेला, आणि ती साइट खेळता खेळता फुकट मिळते.

मुलाला त्याच्या मित्रांमध्ये मिरवायचंय, एवढीच गोष्ट आहे आणि त्या वयात ती छोटी नसते हे मला मान्य आहे. त्याला हो म्हणायचं का नाही हा तुमच्या घरचा प्रश्न. फक्त जिंकण्यासाठी लागते असं म्हणाला तर त्याला सांगा, की या अंकातला पहिला प्रश्न वाच आणि भिंतीवर मॅगझिन रिकामं करून दाखव. आणि फोनमध्ये तुमचं कार्ड सेव्ह असेल तर ते मात्र आजच काढून टाका.

शॉटगनने मारलं की समोरचे चॅटमध्ये वाटेल ते बोलतात. शॉटगन वापरणं चीटिंग आहे का?
— कोपऱ्यातला

नाही. गेममध्ये दिलीये म्हणजे वापरायची. वॅलोरंटमधली जज ही शॉटगन १८५० ला मिळते आणि कोपरा बरोबर निवडला तर २९०० वाल्यांना रडवते, ते बोलतात कारण त्यांनी कोपरा न बघता आत उडी मारली. फक्त ती घेऊन लांबच्या लेनमध्ये उभा राहू नकोस, तिथे मग तुझीच टीम तुला बोलेल आणि ते बरोबर असेल.

दादा, आम्ही पाच जणांचा ग्रुप आहे, मी एकटीच मुलगी. मला वॅलोरंटमधली ऑपरेटर स्नायपर आवडते आणि प्रॅक्टिसमध्ये माझे शॉट बरे लागतात, पण मॅचमध्ये कधी घेऊ देत नाहीत, म्हणतात तू सपोर्टच खेळ. अनोळखी लोकांच्या लॉबीत तर आवाज ऐकला तरी सुरू होतात. कसं पटवू?
— स्कोपच्या मागची

पटवायचं म्हणशील तर भावनेने नको, हिशोबाने पटव. ऑपरेटर ४७०० ला आहे आणि ती घेणाऱ्याला शील्ड पण लागते, म्हणजे एका माणसावर साधारण दीड माणसांची खरेदी खर्च होते. ती गन अंगात एका गोळीत मारते, १५० चा डॅमेज, हेवी शील्डसकट, पण हुकली की पुढची गोळी यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात समोरचा घरात घुसतो. म्हणून टीमला भीती असते ती गन हरवायची. तुझ्या मुलगी असण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही आणि ते लावत असतील तर ते मूर्ख आहेत, एवढं साफ लिहितो.

डिफेन्सच्या राउंडला माग, अटॅकला नको, कारण ऑपरेटर वाट बघायला चांगली आणि घुसायला वाईट. जागा आधी सांग, "मी अमुक कोपऱ्यातून लांबची लेन धरते, एक शॉट मारला की मागे येते, मला माघारीसाठी एक स्मोक ठेवा". असं बोललीस की समोरच्याला प्लॅन ऐकू येतो, हट्ट नाही. आणि एक शॉट मारल्यावर, लागो न लागो, जागा बदल. ऑपरेटरवाले मरतात ते बहुतेक दुसऱ्यांदा त्याच कोपऱ्यातून डोकावताना.

तोपर्यंत ९५० ची मार्शल, स्वस्तातली स्नायपर, आहे की. हेवी शील्डवाला तिच्या अंगातल्या एका गोळीत पडत नाही पण डोक्यात लागली तर पडतो, आणि हलकी असल्यामुळे पाय मोकळे राहतात. पैसे नसलेल्या राउंडला मार्शलने दोन किल काढलेस तर पुढच्या वेळी ते स्वतःच विचारतील. नाही विचारलं तर ग्रुप बदल, गन नको बदलूस. अनोळखी लॉबीत कोणी सुरू झाला की लगेच म्यूट आणि रिपोर्ट, उत्तर देत बसू नकोस, तुझा राउंड जातो त्यात.

कॉड मोबाईलमध्ये (कॉल ऑफ ड्यूटी) गनस्मिथला, म्हणजे गन जुळवायच्या जागी, पाच अटॅचमेंट लावता येतात. मी पाचही रिकॉइल कमी करणाऱ्या लावल्यात, तरी समोरासमोर आलं की मीच आधी मरतो. का?
— सरळ रेषेत मारणारा

कारण तुझी गन आता बैलगाडी झालीये. रिकॉइल कमी करणाऱ्या बऱ्याचशा अटॅचमेंट कुठेतरी वेग काढून घेतात, नेम धरायला वेळ लागतो किंवा पळायचा वेग कमी होतो. तुझ्या गोळ्या सरळ रेषेतच जात असणार, पण पहिली सुटेपर्यंत समोरच्याच्या तीन लागलेल्या असतात. लॉबीतले मॅप छोटे, भांडणं जवळची, तिथे नेम धरायचा वेग आधी बघ, मग पळून आल्यावर गन वर यायचा वेग, आणि रिकॉइल अगदी शेवटी. दोन अटॅचमेंट रिकॉइलला, तीन वेगाला, इथून सुरुवात कर आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशाने पडला तेच कळणार नाही. बॅटल रॉयल खेळताना मात्र तुझी आत्ताचीच गन ठेव, तिथे अंतरं मोठी आहेत.

पबजीत एम४१६ च्या जोडीला काय ठेवू? मित्र म्हणतात कार९८ स्नायपर, पण माझे शॉट लागत नाहीत. फोन पण जुना आहे, गरम झाला की अडखळतो.
— दुसऱ्या खिशाच्या शोधात

कार९८ भारी दिसते, एका हेडशॉटमध्ये लेव्हल २ चं हेल्मेटवाला पण पडतो, सगळ्यांना तेच हवं असतं. लेव्हल ३ वाला मात्र तिच्या एका गोळीत नाही पडत, त्याला एडब्ल्यूएम लागते आणि ती ड्रॉपमध्ये, म्हणजे विमानातून पडणाऱ्या पेटीत, मिळते, तिच्या गोळ्या पण तिथेच, मोजक्या. आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायचा, तेवढ्यात फोन अडखळला की समोरचा झाडामागे गेलेला असतो. अडखळणाऱ्या फोनवर बोल्टवाली स्नायपर घेऊ नकोस, स्पष्ट सांगतो.

मिनी१४ ठेव. ती पण ५.५६ च्या गोळ्यांवरच चालते, म्हणजे एकाच गोळ्यांवर दोन्ही गन आणि बॅगेत जागा राहते. एक गोळी हुकली तरी लगेच दुसरी मारता येते, आणि पबजीमध्ये गोळीला पोचायला वेळ लागतो, लांबवर ती खाली पण येते, त्यामुळे पळणाऱ्याच्या थोडं पुढे मारायला लागतं, मग पहिली हुकणारच, ती बघून दुसरी सुधारायची. यासाठीच डीएमआर, म्हणजे मिनी१४ सारखी लांबून एकेक गोळी पटापट मारणारी रायफल, असते. फक्त तुमच्या स्क्वाडमधले चौघेही ५.५६ वाले असतील तर एकाने ७.६२ वर जा, नाहीतर शेवटच्या सर्कलला चौघे एकमेकांकडे गोळ्या मागत बसता. तसं असेल आणि एकेएम तुझ्या वाट्याला आली तर जोडीला एसकेएस ही ७.६२ ची डीएमआर घे.

आणि ६एक्स स्कोप मिळाला तर टाकू नकोस, तो झूम कमी करून ३एक्ससारखा वापरता येतो, मग एम४१६ वर लावून मधल्या अंतराचं स्प्रे होतं, जमेपर्यंत जरा त्रास देतो पण जमतं. जायरो चालू केलं नसशील तर कर, रिकॉइल अंगठ्याने ओढण्यापेक्षा फोन किंचित पुढे कलवून ओढणं बऱ्याच जणांना सोपं जातं, पहिला आठवडाभर हात वेडावाकडा जाईल. ग्राफिक्स स्मूदवर ठेव, फ्रेम रेट फोन जेवढा झेपवेल तेवढा वर, आणि खेळताना चार्जर काढून ठेव.

काउंटर-स्ट्राइकमध्ये सीटीवाल्यांना, म्हणजे बचाव करणाऱ्या टीमला, एके का देत नाहीत? एम४ ने डोक्यात मारलं तरी समोरचा जिवंत असतो, हा अन्याय आहे.
— ८ एचपीवर मेलेला

तुझ्या सहीतच उत्तर आहे. एम४ए४ ची गोळी हेल्मेटवाल्याच्या डोक्यात जवळून ९२ जाते, ८ उरतात. एके-४७ ची तशीच लागली तर १११, म्हणजे संपला. मुद्दाम तसं ठेवलंय, टीवाल्यांना, म्हणजे हल्ला करणाऱ्यांना, घुसायचं असतं आणि सीटीवाले आधीपासून कोपरे धरून बसलेले असतात, तो तराजू गनने सारखा केलाय. एम४ ला रिकॉइल कमी आहे त्याचा फायदा घे, डोक्याजवळ दोन-तीन गोळ्यांचे छोटे बर्स्ट मार, एकाच गोळीवर विसंबून राहू नकोस. आणि राउंडमध्ये मेलेल्या टीवाल्याची एके पडलेली दिसली तर उचल, जिवंत राहिलास तर पुढच्या राउंडला पण तुझीच, तेवढे रायफलचे पैसे वाचले.